चौदा नंबरचं पिंप

गंगापूर रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या बरोबर डोक्यावर ललिता भोये मॅडमचा फ्रेंचचा क्लास आहे. खाली डॉक्टर दाढा कोरतात, वर मुलं क्रियापदं चालवतात. तोंडं दोन्हीकडे वाकडीच. क्लास म्हणजे तरी काय, बारा खुर्च्या, एक फळा, घरघरणारा कूलर आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेलं बांबूचं सूप. नवीन पालक आले की त्यांची नजर आधी त्या सुपावर जाते. फ्रेंचच्या क्लासात भिंतीवर आयफेल टॉवर असावा एवढी साधी अपेक्षा असते हो माणसाची. एका आईने तर विचारलंच होतं, "मॅडम, क्लास सुटल्यावर तांदूळ पाखडता की काय?"

"पाखडते ना," मॅडम म्हणाल्या. "मुलंही पाखडते. बसा."

तर ते सूप कशाला, हे आधी सांगून टाकतो. फ्रेंच भाषेत भूतकाळ एकटा येत नाही, जोडीने येतो, आणि ही जोडी भल्याभल्यांना रडवते. एकाचं नाव पासे कोंपोझे. जे घडलं आणि संपलं ते त्याच्या वाट्याचं. फोन वाजला, ताट पडलं, पाहुणे आले. दुसऱ्याचं नाव एंपार्फे. जे चालू होतं, जे रोज व्हायचं, जे नुसतं मागे पसरलेलं असायचं, ते सगळं याच्याकडे. पंखा फिरत होता, आजी ओट्यावर बसायची, आम्ही लहान होतो. मराठी माणसाला वाटतं, यात काय एवढं? बोलताना काहीच नाही. लिहायला बसलं की घोळ.

मॅडम सूप काढतात आणि त्यात मूठभर नागली पसरतात. नाचणीच ती, काळसर तांबडी, मोहरीएवढी. म्हणतात, हे असायचं. मग एकेक शेंगदाणा वर ठेवतात. हे झालं. "आता वाक्य सांग. नागली की शेंगदाणा?" पोरं आधी हसतात, मग आठवड्याभरात परीक्षेच्या हॉलमध्येही मनातल्या मनात शेंगदाणे ठेवायला लागतात. एकदा वेदिका नावाच्या नववीतल्या मुलीने बोलता बोलता सुपातले सगळे शेंगदाणे खाऊन टाकले आणि वर म्हणाली, "मॅडम, माझ्या गोष्टीत काही घडलंच नाही!" मॅडम इतक्या हसल्या की खालून डॉक्टरांचा कंपाउंडर बघायला आला.

पण याच मॅडमचा चेहरा एका चुकीला बदलायचा. पुल्लिंगाचं स्त्रीलिंग केलंत तरी चालेल, उच्चार मालेगावचा करा नाहीतर मनमाडचा करा, त्या हसून सोडून देणार. भूतकाळाची जोडी उलटीपालटी केलीत की संपलं. त्यातही मराठीतलं 'होता' बघून जो डोळे मिटून एंपार्फे ठोकेल त्याची खैर नाही. 'तो झोपला होता' हे वाक्य त्या दरवर्षी प्रत्येक बॅचला घालतात. प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी ते 'तो झोपायचा' करून ठेवतं आणि रडेस्तोवर बोलणी खातं. मग त्याच मुलाला मॅडम खिडकीपाशी नेऊन शेंगदाणे देतात. एका वाक्यासाठी बाई एवढ्या का चिडतात, हे कुणाला कधी कळलं नाही. कळणार कसं? त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

आपण तिला ललिताच म्हणू. ही गोष्ट सुरू होते तेव्हा ती मॅडम नव्हती.

पेठ तालुक्यातली, कोकणा समाजातली मुलगी. आश्रमशाळेत शिकली, बारावीला बरे मार्क पडले आणि नाशिकला कॉलेजात आली. फ्रेंच तिने निवडलं वगैरे काही नाही. फ्रेंचचा वर्ग चालवायला पाच डोकी लागायची आणि चारच भरली होती. कॉलेजचा शिपाई पाचवं डोकं शोधत व्हरांड्यात हिंडत होता, त्याला ही सापडली. "कुठला विषय घेतलास? काहीच नाही ना अजून? चल मग." अशी ती गेली, आणि पहिल्या तासालाच तिला कळलं की या वर्गात सगळेच अडाणी आहेत. इंग्रजीच्या तासाला तिच्या बोलीला हसणारी मुलं इथे तिच्याइतकीच अडखळत होती. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ती त्या भाषेत राहिलीच.

सव्विसाव्या वर्षी तिला निफाडच्या पुढे एका वाइनरीत नोकरी लागली. मालक फ्रान्सचा, रेनेसाहेब. वर्षातून दोनदा यायचा. बाकीचं वर्ष पत्रांवर चालायचं, आणि ती पत्रं ललिताने मराठीतून फ्रेंचमध्ये करायची. टेबल मिळालं, पंखा मिळाला, आणि गेटवरचा माणूस मॅडम म्हणायला लागला. आश्रमशाळेतल्या पोरीला हा मान सहज पचत नाही. ती जरा ताठ झाली. इतकी, की बुधाकाका भेटले तरी इकडेतिकडे बघून मगच त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलायची.

बुधा गावित तिच्या शेजारच्या गावचे. द्राक्षतोडीला म्हणून डोंगरातून खाली आलेले, मग तळघरात लाकडी पिंपं धुवायला, भरायला कायमचे लागलेले. त्या वेळी पंचेचाळिशीचे असतील. कमी बोलायचे. मे महिन्यात गावाहून येताना ललितासाठी पानाच्या द्रोणात करवंदं आणायचे आणि टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवून जायचे, मॅडमच्या टेबलावर डाग नको म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मॅनेजर महेशराव काही पाहुण्यांना घेऊन तळघरात गेले. बघतात तर बुधा चौदा नंबरच्या पिंपाला गाल टेकून बसलेला, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "वा, माल चढलेला दिसतोय!" सगळे हसले. महेशरावांचं तोंड गोरंमोरं झालं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "झोपला होतास का रे?" आणि बुधा म्हणाला, "हो साहेब."

महेशराव वाईट माणूस नव्हता, पण पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं की माणसाला लिहायचा जोर येतो. त्यांनी लगेच चिठ्ठी खरडली, हे साहेबांना कळवा. चिठ्ठीत होतं, 'सध्या तोडीचे दिवस चालू आहेत. बुधा पिंपाला डोकं टेकून झोपला होता.' ललिताने 'होता' पाहिलं. आता तुम्हाला कळलंच असेल तिने काय केलं. दोन वाक्यांचं एक केलं, एंपार्फे ठोकला, आणि पत्र गेलं: तोडीच्या दिवसांत बुधा पिंपाला टेकून झोपायचा.

दहा दिवसांनी रेनेसाहेबांचं उत्तर आलं. ते ललितानेच वाचून दाखवलं. 'एकदा झालं असतं तर ताकीद देऊन सोडलं असतं. पण तुम्ही लिहिता त्यावरून ही त्याची सवय दिसते. अशा माणसाला तळघरात ठेवू नये.' 'सवय' हा शब्द वाचताना ती जराशी थबकली होती. वाटलं, महेशरावांनी फोनवर आणखी काही सांगितलं असेल. पुढे वाचत गेली.

बुधाकाकांना काढलं. दोन दिवस ते गेटपाशी लिंबाखाली बसून होते. ललिता बसमधून उतरायची आणि खाली बघत आत जायची. काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं, हे खरं. आणि गेटवरच्या माणसांसमोर त्यांच्याजवळ जाऊन बसायची तिला लाज वाटत होती, हेही खरं. तिसऱ्या दिवशी ते नव्हते.

चूक कळायला पुढे दोन वर्षं गेली. नोकरी सोडून ती पुढचं शिकत होती, आणि वर्गात त्या जोडीवर धडा चालू होता. बाईंनी फळ्यावर लिहिलं, तो झोपला, तो झोपायचा. ललिताला आपलं ते पत्र आठवलं. ती उठून बाहेर गेली आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिली. आपण काय लिहून बसलो! एका दुपारची डुलकी, आणि आपण त्या माणसाला सवयीचा झोपाळू करून टाकला. त्या सुट्टीत ती गावी गेली आणि आजोबांचं सूप घेऊन आली. आजोबा गावात दाणे बघायचे. कुणाकडे दुखणंखुपणं असलं की सुपात नागलीचे दाणे टाकून काय ते सांगायचे. ते वारले होते, सूप वळचणीला पडून होतं. आपल्या हाताखालून जाणाऱ्या एकाही पोराने ही चूक करता कामा नये, अशी तिने गाठ बांधली.

पण बुधाकाकांकडे काही ती गेली नाही. अठरा वर्षं! गावी जाताना एसटी पेठ रस्त्याला लागली, सावळघाट चढली की पुढे त्यांच्या गावचा फाटा यायचा. दरवेळी ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. फाटा गेला की पर्स बंद.

या मार्चमध्ये त्याच वाइनरीतून एक खोकं आलं. मालक केव्हाच बदलले होते, आता पंचवीस वर्षांची स्मरणिका काढायची होती आणि रेनेसाहेबांच्या काळातली फ्रेंच कागदपत्रं मराठीत हवी होती. ललिताने खोकं उघडलं आणि तिसरंच पाकीट तिच्या अक्षरातलं निघालं. तिच्या त्या पत्राची दप्तरातली प्रत. त्याला टाचणीने लावलेली महेशरावांची चिठ्ठी, साहेबांचं उत्तर, आणि तळघराच्या वहीतलं एक पान. त्या पानावर महेशरावांच्या हातचं टिपण होतं: 'पिंप चौदा. आंबणाऱ्या रसाची उकळी थांबली. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळा रस आंबट झाला, फेकावा लागला.' खाली तारीख. ती त्या दुपारनंतरच्या तिसऱ्या दिवसाची होती.

त्या पानाचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. पण आपलं अक्षर बघून मात्र तिला राहवेना. तिने ते कागद पर्समध्ये घातले आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी एसटीत बसली. फाट्यावर उतरली.

टपरीवर एकजण बिडी ओढत बसला होता. तिने विचारलं, "बुधा गावितांचं घर कुठं हो?"

"कोन्ता बुधा? निजऱ्या बुधा का?"

"निजऱ्या?"

"तं काय! नाशकाकडं कारखान्यात झोपला नि नोकरी घालवून आला. चला, दावतो." हा सोमनाथ, त्यांचा शेजारी. वाटभर तो हसत हसत सांगत होता. बाजारात, लग्नात, कुठेही बुधा टेकून बसला की पोरंसोरं ओरडतात, निजला रे निजऱ्या! त्यांच्या लेकीला बघायला आले होते तेव्हा पाहुण्यांनीही विचारलं म्हणे, निजऱ्याची पोर का ही? ललिता ऐकत चालली होती आणि तिला वाटत होतं, इथूनच परत फिरावं. नोकरी गेली एवढंच तिला माहीत होतं. तिच्या एका शब्दाने माणसाचं नाव गेलं होतं आणि त्याचा तिला पत्ताही नव्हता.

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. बुधाकाका ओट्यावर दोरी वळत बसले होते. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. त्यांनी तिच्याकडे बघितलं, हातातली दोरी बाजूला ठेवली आणि पहिलं काय विचारावं?

"ललिते, चौदा नंबरचं काय झालं गं?"

बस म्हणाले नाहीत, कशी आहेस म्हणाले नाहीत. तिने पर्समधून वहीचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. उकळी थांबली, रस आंबट झाला, फेकला.

"व्हय ना," बुधाकाका हळहळले. "चारशे बाटल्यांचा माल व्हता पोरी. सांगितलं असतं तं वाचला असता."

त्यांच्या बायकोने, सावित्रीबाईंनी, कोरा चहा आणून ठेवला. सोमनाथ ओट्याच्या कडेला टेकला. त्याला काही कुणी उठवलं नाही. ललिताने चहाला हात लावला नाही. तिला भीती होती, आत्ता बोललो नाही तर पुन्हा पर्स उघडून बसू.

"काका, साहेबांना ते पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक हाय. दुसरं कोन लिहील?"

"त्यात माझी चूक झाली. तुम्ही एकदा झोपलात, आणि मी लिहिलं की तुम्ही रोज झोपायचे. त्या एका शब्दापायी तुमची नोकरी गेली. मला माफ करा काका. अठरा वर्षं मला..."

बुधाकाकांनी दोरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "एकदा?"

"म्हणजे?"

"एकदा बी नाय झोपलो मी."

ललिताने वर बघितलं.

"ऐकत व्हतो. चौदा नंबर गप झालं व्हतं. आदल्या दिसापासून त्याचा सूर पडला व्हता, म्हणून कान लावून बसलो."

अठरा वर्षं ती झोपला आणि झोपायचा यांच्यामध्ये अडकून पडली होती. त्या दोन शब्दांसाठी तिने पोरांना रडवलं, सूप टांगलं, क्लास चालवला. आणि हा माणूस झोपलाच नव्हता! काळ कोणता घ्यायचा यात तिचा जन्म गेला आणि क्रियापदच चुकलेलं.

"ये हिकडं," बुधाकाका उठले. घरामागे, गवताच्या पेंढ्यांआड, एक मातीचं मडकं तोंड बांधून ठेवलं होतं. त्यात मोह भिजत घातलेला. पुढचं काय ते आपण समजून घ्यायचं, लिहिण्यासारखं नाही. "लाव कान."

ललिता गुडघ्यावर बसली आणि तिने मडक्याला कान लावला. आधी नुसती गार गार माती लागली. मग आतून बारीक चुरचूर यायला लागली, तापल्या तव्यावर मीठ टाकावं तशी. आवाज थांबत नव्हता. ऐकता ऐकता तिचे डोळे आपोआप मिटले.

"बघ, तुझं बी डोळं मिटलं," बुधाकाका म्हणाले. "त्याबिगर ऐकू येत नाय. माझ्या बापानं शिकवलं. रस बोलतो तवर जिता हाय. गप झाला की दोन दिसांत जातो. पिंपाचं बी तसंच. सकाळी, दुपारी, सांजचं, रोज सगळ्या पिंपांना कान लावायचो मी. दुपारी बाकीची जेवाया जायची नि शांत असायचं."

"मग महेशरावांनी विचारलं तेव्हा हो कशाला म्हणालात?"

"काय सांगू? कुठं शिकलास इचारलं असतं. मोहाच्या मडक्यावर शिकलो म्हटलं असतं, तं सगळी म्हटली असती, बघा, दारू काढणारा तळघरात ठेवलाय. पोलीस घरापरेंत आली असती. अगं, त्यांनी केली तं वाइन, आमी केली तं दारू. त्यापरीस झोपलो म्हटलेलं बरं. झोपायला काय, सगळीच झोपत्यात. वाटलं, चार शिव्या देतील नि सोडतील. मंग सांजच्याला गुपचूप कुणाला तरी चौदा नंबरचं सांगू. तं मला खाली जाऊच दिलं नाय."

"मला तरी सांगायचं होतं, काका. मी होते ना तिथे."

"तू इचारलंस का?"

ते रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले. "दोन दिस गेटावर बसलो व्हतो. म्हटलं, ही आपल्या भोयांची पोर हाय. हिचा आजा दाणे बघायचा. सूप हातात घ्यायच्या आधी म्हातारा तास तास इचारत बसायचा, कवा दुखतं, काय खाल्लं, कोन आलतं, कुठं गेलतास. समदं इचारल्याबिगर दाना टाकत नसे. ही पन ईल, इचारील. तू खाली बघून आत गेलीस."

ललिता तिथेच मडक्यापाशी बसून रडली. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. आजोबांचं सूप तिने नेलं, भिंतीला टांगलं, त्यात नागली पसरली, शेंगदाणे ठेवले. आजोबांचं विचारणं मात्र इथेच राहून गेलं. सावित्रीबाई आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्यालाच रागावल्या, "पोर एवढ्या लांबून आली नि तुमी तिला रडवताय! उठ गं, चहा निवला."

तिने तोंड धुतलं, निवलेला चहा एका घोटात प्यायली आणि वही काढली. "काका, आता विचारते. सांगाल?"

आणि ती विचारत बसली. दिवसातून किती वेळा कान लावायचात? किती पिंपं होती? पहिल्यांदा चौदा नंबरचा सूर कधी पडला? त्या दुपारी किती वेळ बसला होतात? आणखी कुणी बघितलं होतं? बुधाकाका आधी दोन शब्दांत सांगत होते, मग चार वाक्यांत, मग हातवारे करून. सोमनाथची बिडी विझली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मध्येच तो म्हणाला, "निजऱ्या, हे तू कधी बोलला नाय रे!"

"तू तरी कवा इचारलंस?" बुधाकाका म्हणाले.

ऊन अंगणातून सरकत मोहाच्या फुलांवर गेलं तेव्हा ललिताने नवीन कागद घेतला आणि तिथेच, मांडीवर पाटी ठेवून, रेनेसाहेबांना पत्र लिहायला घेतलं. साहेब म्हातारे झाले होते, आपल्या गावी असत. खोक्यात त्यांचा पत्ता होता. पहिलं वाक्य लिहिताना तिचा हात थांबला. रोज कान लावायचे. दिवसातून तीनदा. सवयच ती. म्हणजे पुन्हा एंपार्फेच! ज्याला तिने अठरा वर्षं शिव्या घातल्या तो काळ बरोबरच होता, शब्द तेवढा खोटा होता. तिने जुनंच वाक्य पुन्हा लिहिलं, एक क्रियापद बदलून: तोडीच्या दिवसांत बुधा पिंपाला कान लावायचा. मग पुढे शेंगदाणे आले. चौदा नंबर गप्प झालं. बुधाने ते ऐकलं. मॅनेजर आले. आम्ही त्याला काही विचारलं नाही. शेवटी तिने लिहिलं, हे भाषांतर माझं आहे आणि आधीचंही माझंच होतं, आणि खाली पूर्ण सही केली.

"वाच," बुधाकाका म्हणाले.

"मराठीत सांगते ना काका."

"नको. साहेबाच्या बोलीत वाच. माझं वाईट त्या बोलीत गेलं ना, मग चांगलं बी त्याच बोलीत जाऊ दे. कसं जातंय ते मला ऐकू दे."

तिने वाचायला सुरुवात केली. एव्हाना ओट्यावरच्या पत्र्याखाली आणखी चारपाचजण जमले होते. डोंगरातल्या अंगणात फ्रेंच काही रोज ऐकायला मिळत नाही. बुधाकाकांनी ओट्याच्या खांबाला डोकं टेकलं. दुसऱ्या वाक्याला त्यांचे डोळे मिटले. तिसऱ्याला तोंड किंचित उघडं पडलं. मागून एक बाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, "निजला बघ निजऱ्या!"

ललिता थांबली. तिने कागद खाली केला, सगळ्यांकडे बघितलं आणि आपल्या बोलीत, मोठ्याने, पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली, "निजलं नाय ते. ऐकत्यात."

सोमनाथने विझलेली बिडी कानावर ठेवली आणि मान खाली घातली.

बुधाकाकांनी डोळे उघडले नाहीत. "थांबलीस कशाला?" ते म्हणाले. "पुढं वाच, पोरी."